मासकॉम केलंस? मग टीव्हीवर कधी दिसणार?

आपल्याकडे प्रत्येक डिग्रीला एकेक प्रश्न जन्माचा चिकटलेला असतो. डॉक्टर झालात, की लग्नाच्या पंगतीत शेजारचे काका शर्टाची बाही वर करून ‘इथे जरा दुखतंय हो’ म्हणतात. सीए झालात, की अख्ख्या सोसायटीचे रिटर्न्स तुमच्या गळ्यात. आणि मासकॉम केलंत, की सवाल एकच : ‘मग, टीव्हीवर कधी दिसणार?’

डिग्री हातात पडल्यापासून मी या प्रश्नाला तोंड देतेय. ‘नाही हो काकू, मी लिहिते.’ ‘अगंबाई, लिहितेस का? छान. पण मग करतेस काय?’

आता बोला!

त्यात मे-जून उजाडला, की दुसरा प्रश्न सुरू होतो. ‘आमचा धाकटा मासकॉम म्हणतोय. त्यात स्कोप आहे का गं?’ स्कोप हा मराठी पालकांचा सगळ्यात लाडका शब्द. तो इंजिनीअरिंगला असतो, एमबीएला असतो, हल्ली डेटा सायन्सला तर तुडुंब असतो. मासकॉमच्या बाबतीत मात्र कुणालाच खात्री नसते. सो, यंदाच्या ॲडमिशन सीझनला सगळ्यांना एकदमच उत्तर देऊन टाकावं म्हणून हा कॉलम. फॉर्म घेऊन बसलेली पोरं, त्यांचे टेन्शनमधले आईबाबा आणि क्युबिकलमध्ये कॉफी ढवळत ‘यार, आपण जर्नलिझम करायला हवं होतं’ म्हणणारे तुम्ही सगळे, जरा ऐका.

नाम, सर्वनाम आणि संज्ञापन

आधी गैरसमज. मासकॉम म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हातात बूम, पाठीमागे पुराचं पाणी आणि तोंडात ‘आपण पाहू शकता’. नाहीतर मग खांद्याला झोळी, वाढलेली दाढी आणि सोमवारपर्यंत जग बदलायचा प्लॅन. दोन्ही आयटम वर्गात असतात, नाही असं नाही. पण मुळात शिकवतात ते वेगळंच.

कम्युनिकेशनला पुस्तकी मराठीत ‘संज्ञापन’ म्हणतात. मी घरी हा शब्द सांगितला तेव्हा आजी म्हणाली, ‘म्हणजे नाम-सर्वनाम का गं? ते तर तुला पाचवीत येत होतं.’ तिला काय सांगू, की पहिले काही दिवस आम्हीही तसेच चेहरे करून बसलो होतो. पत्रकार व्हायला आलो, आणि फळ्यावर काय? बाण, चौकोन आणि गोऱ्या माणसांची नावं.

त्यातला पहिला गडी हॅरॉल्ड लॅसवेल. या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये सगळं संज्ञापन पाच प्रश्नांत बसवलं. कोण बोलतंय? काय बोलतंय? कुठल्या माध्यमातून? कुणाशी? आणि त्याचा परिणाम काय? बस्स. एवढंच? आम्हालाही तेच वाटलं. मग सरांनी एक फुल पेज जाहिरात समोर ठेवली आणि म्हणाले, लावा हे पाच प्रश्न. तासाभरानं आमची बोलती बंद. ‘कोण बोलतंय’ हा प्रश्न एकदा डोक्यात बसला ना, की तुम्ही पुन्हा कुठलाही फॉरवर्ड पहिल्यासारखा वाचू शकत नाही.

दुसरा माझा आवडता किस्सा गेटकीपरचा. १९५० मध्ये डेव्हिड मॅनिंग व्हाइट नावाच्या अभ्यासकानं एका लहान शहरातल्या पेपरच्या उपसंपादकाला गाठलं. त्याच्या टेबलावर वृत्तसंस्थांच्या बातम्यांचा ढीग यायचा, त्यातलं काय छापायचं ते हा ठरवायचा. व्हाइटनं त्याला सांगितलं, की आठवडाभर जे जे फेकशील ते ते जपून ठेव आणि का फेकलंस ते त्यावर लिही. साहेबांनी साधारण दहातल्या नऊ बातम्या फेकल्या होत्या! कारणं? कुठे ‘जागा नाही’, कुठे ‘कंटाळवाणी’, आणि कुठे चक्क स्वतःची आवडनिवड. म्हणजे त्या गावाला जग कसं दिसणार, हे रात्रपाळीला बसलेला एक माणूस ठरवत होता. आज तुमच्या फोनवर ते काम अल्गोरिदम करतो. फरक इतकाच, की त्या माणसाला ‘का फेकलंस?’ असं विचारता तरी आलं.

मग येतो अजेंडा सेटिंग. मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या जोडीनं १९६८ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल गावातल्या १०० कुंपणावरच्या मतदारांना विचारलं, की तुमच्या मते देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते? आणि त्या दिवसांत माध्यमांनी कशाला किती जागा दिली तेही मोजलं. दोन्ही याद्या जवळजवळ सारख्या निघाल्या. १९७२ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि तेव्हापासून मासकॉमच्या प्रत्येक वर्गात तो शिकवला जातो. मतलब काय, तर माध्यमं तुम्हाला काय मत बनवायचं हे सांगू शकतीलच असं नाही, पण मत कशावर बनवायचं ते मात्र बरोब्बर सांगतात. ऑफिसच्या लंचला तुम्ही ज्यावर तावातावानं भांडता, तो विषय तुम्ही निवडला होता का? विचारा स्वतःला.

आणि एलिझाबेथ नोएल-नॉयमान या जर्मन बाईंचं ‘स्पायरल ऑफ सायलेन्स’, १९७४. आपलं मत कमी लोकांचं आहे असं वाटलं, की माणूस गप्प बसतो. तो गप्प बसला, की ते मत आणखीच कमी लोकांचं वाटायला लागतं. मग दुसराही गप्प. ही थिअरी कळायला लायब्ररीत जायची गरज नाही. तुमचा फॅमिली ग्रुप उघडा. एक काका पहाटे सहाला फॉरवर्ड टाकतात, चार जण अंगठा दाखवतात, आणि उरलेले सव्वीस जण? सायलेंट मोड.

टिळकांनी कुठे केलं होतं मासकॉम?

हा डायलॉग प्रत्येक मासकॉमवाल्यानं निदान एकदा ऐकलेला असतो. बहुतेक इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी, आणि बहुतेक रिटायरमेंटला आलेल्या एखाद्या सीनिअरकडून. पत्रकारिता शिकवून येते का पोरी? ती रक्तात असावी लागते.

पॉइंट आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत ‘दर्पण’ काढलं, शेजारी शेजारी इंग्रजी आणि मराठी मजकूर देऊन, तेव्हा कुठली डिग्री होती? लोकमान्यांची डिग्री वकिलीची. आगरकर एम. ए. पत्रकारितेचं शिक्षण ही कल्पनाच पुढच्या शतकातली. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात १९०८ मध्ये पत्रकारितेचं स्कूल निघालं, १९१२ मध्ये जोसेफ पुलित्झरच्या पैशांतून कोलंबियाचं. आपल्याकडे १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात कोर्स सुरू झाला, १९५२ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ चा आणि दिल्लीची आयआयएमसी १९६५ ची. त्याआधीचे सगळे संपादक आपापल्या हिमतीवरच शिकले.

पण टिळक-आगरकरांचं नाव घेतलंच आहे, तर पूर्ण गोष्ट सांगूया ना. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले १८८१ मध्ये. लगेचच कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाचं प्रकरण निघालं. तिथले दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून काही पत्रं हाती आली, ती छापली गेली. बर्वे कोर्टात गेले. पत्रं निघाली बनावट. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांनाही अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. दोघंही तेव्हा पंचविशी-सव्विशीतले. म्हणजे तुमच्याच वयाचे!

त्यांची तळमळ खरी होती, धाडस तर होतंच. लोकही त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पण कागद खोटे होते. माझ्या मते पत्रकारितेच्या कुठल्याही वर्गातला पहिला तास यावरच घ्यायला हवा. रक्तात असणं म्हणजे तळमळ. ती शिकवता येत नाही, मान्य. पण हातात आलेलं पत्र खरं आहे की कुणी बनवून आणलंय, ते कुणाकडून आलं, त्याचा त्यात फायदा काय, ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारलं का, हे सगळं शिकवता येतं. आणि आज, जेव्हा कुणाचाही आवाज आणि कुणाचाही चेहरा फोनवर बनवता येतो, तेव्हा तर ते शिकवायलाच हवं. फक्त पत्रकारांना नाही, सगळ्यांना.

बाय द वे, पुस्तकातलंही सगळं खरं मानायचं नाही, हेही आम्ही वर्गातच शिकलो. ऑर्सन वेल्सचं १९३८ चं रेडिओ नाटक प्रत्येक जुन्या टेक्स्टबुकात असतं. मंगळावरून हल्ला झाला असं ऐकून अख्खी अमेरिका रस्त्यावर पळाली, वगैरे. नंतरच्या अभ्यासकांनी खोदकाम केलं, तर कळलं की घबराट पसरली खरी, पण थोडी. ती फुगवली होती दुसऱ्या दिवशीच्या पेपरांनी. रेडिओ त्यांच्या जाहिराती पळवत होता ना! म्हणजे अफवेची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट ही स्वतःच निम्मी अफवा. हे कळलं त्या दिवशी मला माझा कोर्स आवडायला लागला.

रानडे, कँटीन आणि एक जुना रेडिओ

मी शिकले पुण्यात, फर्ग्युसन रोडवरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. बाहेर रोडवर शॉपिंगची झुंबड, आत झाडं. विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, पण रिक्षावाल्याला सांगायचं ते ‘रानडे’च. अर्धं शिक्षण वर्गात आणि अर्धं कँटीनला, चहाच्या ग्लासावर. एक ग्लास, तिघं पिणारे आणि विषय आणीबाणीपासून कालच्या मॅचपर्यंत कुठलाही.

आमच्या वर्गात कोण नव्हतं? पुण्यातली कॉन्व्हेंटवाली पोरगी होती, जिला स्वतःच्या मराठीची लाज वाटायची. मराठवाड्यातून आलेला एक मित्र होता, ज्याला स्वतःच्या इंग्रजीची लाज वाटायची. बँकेतली नोकरी सोडून आलेली एक ताई होती, मुलाला शाळेत सोडून लेक्चरला यायची. पहिले दोन महिने सगळे आपापल्या कोपऱ्यात. मग ग्रुप प्रोजेक्ट आलं, मार्केट यार्डातल्या हमालांवर. कॉन्व्हेंटवालीला प्रश्न सुचायचे, पण विचारता यायचे नाहीत. मराठवाडावाला हमालाच्या शेजारी पोत्यावर बसायचा आणि तासाभरात त्याची सगळी कुंडली घेऊन उठायचा. त्याचा एक मामाच पुण्यात हमाली करत होता, हे आम्हाला प्रोजेक्ट संपल्यावर कळलं. त्यानंतर त्याच्या इंग्रजीवर वर्गात कुणी हसलं नाही. आज तो त्याच्या जिल्ह्यात रिपोर्टर आहे. ती दिल्लीत इंग्रजी डेस्कवर आहे आणि अजूनही मराठी शब्द अडला की त्यालाच फोन लावते. हे कुठल्या सिलॅबसमध्ये बसतं सांगा?

पुण्याचा म्हणून एक धडा मला फार भारी वाटायचा. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला, रेडिओ ग्रामीण मंडळांचा. आसपासच्या जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं. गावात रेडिओ संच, त्याभोवती शेतकरी, आठवड्यातून दोनदा शेतीवरचा कार्यक्रम. ऐकून झालं, की घरी जायचं नाही. बसून चर्चा करायची, आणि आपले प्रश्न, शंका, ‘हे काय आमच्याकडे चालणार नाही बुवा’ हे सगळं परत आकाशवाणीला कळवायचं. पुढच्या कार्यक्रमात त्याची उत्तरं यायची. नंतर अभ्यास झाला, तर नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळं असलेल्या गावांत लोक कितीतरी जास्त शिकले होते. कमेंट सेक्शन म्हणजे काय असू शकतं, याचा हा सत्तर वर्षांपूर्वीचा नमुना. फक्त त्यात एकमेकांची आई-बहीण नव्हती.

२०२१ मध्ये या विभागाला फर्ग्युसन रोडवरून हलवून विद्यापीठाच्या मुख्य आवारातल्या दुसऱ्या माध्यम विभागात विलीन करायचा निर्णय झाला होता. आजी-माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ओरडा झाला, निर्णयाला स्थगिती मिळाली. तेव्हा मला एका मित्रानं विचारलं, ‘इमारतीत काय एवढं?’ इमारतीत काही नसतं रे. पण पेपरांची ऑफिसं, थिएटरं, पुस्तकांची दुकानं, मोर्चे, चहाचे कट्टे हे सगळं चालत जाता येईल इतकं जवळ असणं, हाही पत्रकारितेच्या शिक्षणाचा भाग आहे. शहर शिकायचं असेल तर शहराच्या मधोमध बसायला लागतं.

आणि हो, कायदा. हा विषय सगळ्यांना बोअर वाटतो आणि नोकरीत सगळ्यात जास्त कामी येतो. राज्यघटनेचं कलम १९ (१) (अ) आणि त्याला लागलेला १९ (२) चा ब्रेक. अब्रुनुकसानी, जी आम्ही पीनल कोडच्या ४९९ मध्ये शिकलो आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६ मध्ये गेली. कोर्टाची बेअदबी. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करायची नाही, म्हणजे नाव तर नाहीच, पण गल्ली, शाळा, वडलांचा धंदा यावरूनही ती कळता कामा नये. माहिती अधिकार, २००५ चा कायदा, दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत. पाठ केलं तर मार्क मिळतात. वापरलं तर बातमी मिळते.

आता पैशाचं बोलू

माझी बॅच २०२० ची. समजलंच असेल. शेवटच्या सेमिस्टरला मार्च महिन्यात लॉकडाऊन लागला. मुंबईत काही दिवस पेपर छापलेच गेले नाहीत, लोक कागदाला हात लावायला घाबरत होते. पुढे राज्यभर घरोघरी पेपर टाकायलाही काही काळ बंदी होती. जाहिराती आटल्या, मोठमोठ्या ठिकाणी पगारकपात, पानं कमी, माणसं कमी. आम्हाला तोंडी ‘जूनमध्ये जॉइन व्हा’ म्हणणारे एचआरवाले फोन उचलेनात. वीस वर्षं डेस्कवर काढलेले लोक घरी बसत होते, तिथे आम्हाला कोण विचारतंय?

आमच्यातले निम्मे तेव्हाच बाजूच्या गल्लीत वळले. कुणी पीआरमध्ये, कुणी ॲड एजन्सीत, कुणी कंपनीच्या सोशल मीडियावर, एक जण स्पर्धा परीक्षेला. त्यांना ‘विकले गेले’ वगैरे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. घरभाडं आदर्शांवर भागत नाही.

मी फ्रीलान्सिंगला लागले. ऐकायला सही वाटतं ना? बॉस नाही, पंचिंग नाही, लॅपटॉप घेऊन कॅफेत बसायचं. आता आतली बातमी. एका मासिकानं माझं मानधन द्यायला अकरा महिने लावले, आणि तोवर मासिकच बंद पडलं. एका वेबसाइटनं माझी चार दिवस फिरून केलेली स्टोरी ‘एक्सपोजर मिळेल’ म्हणून फुकटात मागितली. पीएफ नाही, आजारपणाची रजा नाही, होम लोनसाठी बँकेत गेलं की मॅनेजर माझ्याकडे दयेनं बघतो. महिन्याच्या कमाईतला मोठा वाटा येतो तो कॉर्पोरेट कामातून. ब्रोशर्स, ॲन्युअल रिपोर्ट, कुणाच्या तरी भाषणाचा मसुदा. बिल्डरसाठी ‘निसर्गाच्या कुशीत’ हे शब्द मी इतक्या वेळा लिहिलेत, की निसर्गाची कूस आता पुरायची नाही. नियम एकच पाळते. ज्याच्याकडून कॉपीचे पैसे घेतले, त्याच्यावर बातमी लिहायची नाही, चांगलीही नाही आणि वाईटही नाही. यामुळे दोनदा मोठी असाइनमेंट सोडावी लागली. त्या महिन्यांत चहा घरी प्यायला.

हे रडगाणं नाही. हे कोर्सच्या माहितीपत्रकात नसतं, म्हणून सांगतेय.

आणि तरी...

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. ‘तूच सांग गं त्याला काहीतरी. तुझं ऐकतो तो.’ तो म्हणजे माझा मावसभाऊ. वय २६, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, टीम लीड व्हायच्या बेतात, वाकडच्या वन बीएचकेचा हप्ता चालू. आणि साहेब नोकरी सोडून मासकॉमचा फॉर्म भरायला निघालेले.

भेटलो. म्हटलं, ‘का रे बाबा?’ तर म्हणाला, ‘ताई, मी रोज दहा तास कोड लिहितो. तो कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी बँकेत चालतो. माझ्या सोसायटीला रोज टँकर का लागतात, हे मला माहीत नाही. मला इथलं काहीतरी कळून घ्यायचंय.’

मी त्याला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझ्या गेल्या बारा महिन्यांच्या कमाईचा आकडा एका कागदावर लिहून दाखवला. तो पाहून त्यानं पाण्याचा घोट घेतला. मग मला कळलं, की त्यानं आधीच दहा रुपये भरून महापालिकेत टँकरबद्दल माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. उत्तर आलं होतं, एक पानी, निम्मं गोलमाल. ते घेऊन तो दोन रविवार टँकर भरतात त्या पॉइंटवर जाऊन उभा राहिला होता. ड्रायव्हर लोकांशी बोलला होता, फेऱ्या मोजल्या होत्या. वहीत तारखेनिशी नोंदी. अक्षर भयंकर, पण नोंदी चोख.

अरे, मग तुला माझ्याकडून काय पाहिजे?

‘हे आता कुणाला विचारायचं, कसं लिहायचं आणि लिहिल्यावर माझ्यावर केस होऊ नये म्हणून काय करायचं, ते शिकायचंय,’ तो म्हणाला. पत्रकारितेचं शिक्षण कशासाठी असतं, याचं इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. त्यानं प्रवेश परीक्षा दिलीय. निकाल लागायचाय. हप्त्याचं गणित अजून जुळलेलं नाही, आणि मावशी माझ्याशी सध्या फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ इतकंच बोलते.

तर फॉर्म भरणाऱ्यांनो, माझा फंडा असा. टीव्हीवर दिसायचंय एवढंच असेल, तर दोन वर्षं आणि फी वाचवा. ग्रॅज्युएशननंतर घेताय की बारावीनंतर, ते नीट बघा. मुंबई विद्यापीठाचं २००० मध्ये निघालेलं बीएमएम २०१९ पासून बीएएमएमसी झालंय, ते बारावीनंतरचं. मराठीतूनच काम करायचं असेल, तर तुमच्या विद्यापीठात उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का ते विचारा. आयआयएमसीच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा कोर्स आहे, तोही बघून ठेवा. चकाचक स्टुडिओ बघून हुरळू नका. तिथल्या मुलांना विचारा, की कॅमेरा कपाटातून वर्षात किती वेळा बाहेर निघतो. लायब्ररीत किती पेपर येतात, विद्यार्थ्यांचा स्वतःचा अंक निघतो का, शिकवणाऱ्यांपैकी कितीजणांनी कधी डेडलाइन पाहिलीय, इंटर्नशिप कोण मिळवून देतं. सरकारी विद्यापीठ आणि खासगी संस्था यांच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. सुरुवातीच्या पगारात तो तसा असेलच असं नाही. कर्ज काढण्याआधी हे वाक्य आईबाबांसोबत बसून पुन्हा वाचा.

आणि जे फॉर्म भरणार नाहीत, म्हणजे तुमच्यापैकी बहुतेक सगळे, त्यांच्यासाठी एक छोटा होमवर्क. उद्या सकाळी पेपर असो नाहीतर फोन, एकच बातमी निवडा. लॅसवेलबुवांचे पाच प्रश्न लावा. कोण बोलतंय, काय, कशातून, कुणाला आणि परिणाम काय? त्यात एक सहावा माझ्याकडून : या बातमीत कुणाला विचारलेलंच नाही? बिल्डर बोलला, अधिकारी बोलला, मग टँकरचा ड्रायव्हर कुठे गेला?

आठवडाभर हे करून बघा. फी शून्य. अटेंडन्सची सक्ती नाही. स्कोप? फुल!